सात पेठा, एक शीट: पुण्यातल्या डिजिटल प्रेसमधून स्टिकर करून घेताना

आपल्या भागावरचे स्टिकर करायचे आहेत आणि संख्या पस्तीस ते तीन-चारशेच्या मधली आहे, तर अप्पा बळवंत चौकापासून शनिवार, नारायण, सदाशिव पेठांपर्यंत पसरलेल्या छोट्या डिजिटल प्रेसचा पर्याय आम्हाला सर्वांत योग्य वाटतो. ऑनलाइन छापणाऱ्यांकडे रंग आधी डोळ्यांनी बघता येत नाही आणि घरच्या कटरवर शंभराच्या पुढे जीव मेटाकुटीला येतो. प्रेसमध्ये एक शीट छापून हातात मिळते, खिडकीच्या उजेडात धरून बघता येते, आणि मग बाकीच्या शीट मशीनवर जातात. मात्र या सेवेचा चांगलेपणा बराचसा तुमच्या फाइलवर अवलंबून असतो. प्रेसचा माणूस दिवसभर व्हिजिटिंग कार्डं, पत्रिका आणि पावत्या काढत असतो. तुमच्या स्टिकरची चुकलेली वेलांटी त्याने दुरुस्त करावी, ही अपेक्षा धरू नका.

ही सेवा म्हणजे नेमकं काय, ते आधी. १२ बाय १८ इंचांच्या गमिंग शीटवर (मागे गोंद असलेल्या कागदावर) टोनरच्या, म्हणजे कोरड्या पुडीच्या शाईच्या मशीनने छपाई होते, वर थर्मल लॅमिनेशन, म्हणजे उष्णतेने चिकटणारा पारदर्शक थर चढतो आणि मग कटिंग प्लॉटरवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटरवर, हाफ कट मारला जातो. हाफ कट म्हणजे वरचा थर कापायचा आणि मागचा रिलीज पेपर तसाच ठेवायचा. फुल कटमध्ये मागचा कागदही कापला जातो आणि प्रत्येक स्टिकर सुटा होतो. फुल कट दिसायला छान, पण त्याला वेळ लागतो आणि दरही चढतो. पहिल्या खेपेला हाफ कटच घ्यावा.

आता शीटचा हिशेब. बहुतेक जण इथेच पैसे घालवतात, कारण छपाईचा दर शीटवर असतो, स्टिकरवर नसतो. १२ बाय १८ म्हणजे ३०५ बाय ४५७ मिमी. चारही बाजूंना १० मिमी समास सोडला की हाती २८५ बाय ४३७ उरतात. दोन स्टिकरमध्ये ४ मिमी अंतर धरा. ६० मिमीचे गोल स्टिकर घेतले तर आडवे ४, उभे ६, म्हणजे एका शीटवर २४. ५० मिमीचे घेतले तर ५ बाय ८, म्हणजे ४०. एका सेंटिमीटरने सोळा स्टिकरचा फरक पडतो.

या दोन्हींच्या मध्ये ५३ मिमीचं एक फार सोयीचं माप आहे. ५३ मिमीचे आडवे ५ आणि उभे ७ बसतात. पुण्यात आठवड्याच्या सातही वारांच्या पेठा आहेत. प्रत्येक उभ्या रांगेत सोमवार ते रविवार असा क्रम लावला की एका शीटवर पाच पूर्ण संच बसतात. मग प्रेसमध्येच गिलोटिनवर (कागदाचे गठ्ठे कापायच्या यंत्रावर) चार उभे काप मारून घ्यायचे, प्रत्येक पट्टी म्हणजे एक संच. सुटे स्टिकर मोजून पाकिटात भरायचं काम वाचतं. खाली ४२ मिमीची जागा मोकळी राहते, तिथे ७५ बाय २५ मिमीच्या तीन पाट्या बसतात; त्या उभ्या कापांत सापडू नयेत म्हणून आधी एका आडव्या कापाने ही जागा वेगळी करून घ्या. बसच्या पाटीसारखं ‘शनिपार’, ‘मंडई’, ‘मनपा’ लिहायला ही जागा उत्तम. एखाद्या प्रेसच्या कटरला, छपाई आणि काप जुळवायला कोपऱ्यांत छापतात त्या खुणांसाठी, १५ मिमी समास लागतो. तसं असेल तर स्टिकर ५१ मिमीचा करा, मांडणी तीच राहते. म्हणून चित्र काढायला बसण्याआधी प्रेसला समास विचारा. सगळं झाल्यावर विचारलं तर पूर्ण मांडणी नव्याने करावी लागते.

सात पेठांसाठी सात चित्रं निवडताना शनिवारवाडा आणि ‘१ ते ४ बंद’ सोडून विचार केला तर संच खरोखर आपला होतो. दुपारच्या बंदवरची पाटी इतकी वापरून झाली आहे की तिच्यात पेठ उरलेली नाही. सोमवार पेठेसाठी त्रिशुंड गणपतीच्या मंदिराच्या दर्शनी भिंतीवरचा साखळदंडातला गेंडा घ्या. अठराव्या शतकातलं हे कोरीवकाम काळ्या पाषाणात आहे आणि गेंड्याचा आकार स्टिकरला जन्मजात शोभतो: जाड, गोलसर, कुठेही बारीक टोक नाही. मंगळवारसाठी जुन्या बाजारातलं पितळी कुलूप. बुधवारसाठी अप्पा बळवंत चौकातली दोरीने बांधलेली पुस्तकांची चळत. गुरुवार पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ, तिथे नुसतं अक्षरलेखनच पुरेसं आहे. शुक्रवारची मंडई. शनिवारसाठी पूर्ण वाडा काढू नका, दिल्ली दरवाजावरचे हत्तींना रोखणारे लोखंडी सुळे तीन रांगांत काढा. रविवारसाठी बोहरी आळीतलं दोरीचं भेंडोळं. कसबा, सदाशिव, नारायण यांचा दुसरा संच करावा. कसब्यात तर तांबट आळी एकटीच एका शीटला पुरेल. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके देऊन केलेल्या मठारकामाचे गोल ठसे एकाभोवती एक मांडले की गोल स्टिकरची नक्षी आपोआप तयार होते. फक्त प्रत्येक ठसा निदान १.२ मिमीचा ठेवा, नाहीतर लॅमिनेशनखाली सगळे मिसळून एक करडा डाग दिसतो.

मंडईचं चित्र थोडं सविस्तर बघू, कारण बहुतेकांचं तिथेच बिघडतं. १८८६ साली सुरू झालेली ही इमारत (तेव्हाचं रे मार्केट, आताची महात्मा फुले मंडई) मधल्या अष्टकोनी मनोऱ्यामुळे ओळखू येते. फोटोवरून रेघा काढल्या की खिडक्या, कमानी, कौलं, कठडे सगळं येतं आणि ५३ मिमीवर त्याचा काळा गोळा होतो. आधी मनोरा आणि दोन बाजूंची उतरती छपरं एवढीच बाह्यरेषा काढा. ती तुमच्या बोटाच्या पेराएवढी छोटी करून मोबाइलच्या पडद्यावर बघा. मंडई ओळखू आली, तरच पुढे जा. मग कमानी घाला, पण पाचाच्या जागी तीन. कुठलीही रेघ ०.३५ मिमीपेक्षा बारीक नको, आणि दोन रेघांमधली मोकळी जागा ०.५ मिमीपेक्षा कमी नको. मनोऱ्याचं टोकदार शिखर बाह्यरेषेबाहेर तसंच सोडलं तर सोलताना ते पहिलं दुमडतं. शिखर पांढऱ्या किनारीच्या आत घ्या आणि कापायची रेघ त्याच्याभोवती गोलसर फिरवा. कटलाइनवरच्या कोणत्याही कोपऱ्याला निदान १ मिमीची गोलाई हवी. टोकदार कोपरा आधी उचकटतो, त्याखाली धूळ बसते आणि महिन्याभरात कड काळी पडते.

देवादिकांच्या नावांचा मोह पुण्यात होणारच. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर, डुल्या मारुती, उपाशी विठोबा, गुपचूप गणपती, उंबऱ्या गणपती, सोट्या म्हसोबा: अशी नावं दुसऱ्या गावाकडे नाहीत, आणि यांचा संच तर करायलाच हवा. पण मूर्तीचं चित्र घालू नका. स्टिकर चपलेच्या खोक्यावर लागतो, पायाखाली येतो, कचऱ्यात जातो; ते कुणालाही खुपेल. नुसती नावं सुंदर अक्षरात लिहिली की पुरे. नावातच सगळं आहे.

आणि नावं लिहायची म्हटल्यावर देवनागरीचे प्रश्न सुरू होतात. ‘उंबऱ्या’मधला अर्धा र ही पहिली परीक्षा. तो ऱ, मग हलन्त, मग य असा टाइप केला तरच पापणीसारखा वळतो. साधा र वापरला तर ‘उंबर्या’ असा रफार होतो आणि शब्द चुकतो. ‘गुपचूप’मधला दुसरा उकार दीर्घ आहे, हेही छपाईआधी एकदा मोठ्याने वाचून बघा. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडावी लागते. ती सोय असलेल्या फॉन्टमध्ये लगेच अक्षर बदलतं, नसेल तर हिंदी वळण तसंच राहतं. इलस्ट्रेटरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा कंपोजर चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते.

फॉन्टपैकी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे मुक्त, बलू आणि मोदक हे तिन्ही खुल्या परवान्याचे आहेत, व्यावसायिक वापराला चालतात. बारीक मजकुराला मुक्त, ठसठशीत नावाला बलू. मोदक फार गोंडस आहे, पण त्याच्या अक्षरांच्या पोटातली जागा अगदी अरुंद असते. शब्द ३० मिमीपेक्षा लहान होणार असेल तर मोदक टाळा, ‘ख’ आणि ‘ब’ भरून जातात. यात्रा वन हा मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला फॉन्ट आहे. दादर-गिरगावच्या संचाला तो शोभतो, पुण्याच्या पेठांवर तो पाहुण्यासारखा वाटतो.

फाइल देण्याआधी सगळी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या आकारांत बदला. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ, इंकस्केपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी. प्रेसच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसतो. कर्व्ह न करता दिलेली जोडाक्षरं तिथे तुटून दिसतात. कर्व्ह केल्यावर आणखी एक पायरी असते, ती हमखास राहते. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. कटलाइन सरळ अक्षरांवरून काढली तर पातं प्रत्येक अक्षर वेगळं कापतं. म्हणून सगळी अक्षरं युनियन करून एकसंध करा, मग त्या आकाराला २.५ मिमी ऑफसेट द्या, म्हणजे तेवढ्या अंतरावर बाहेरून समांतर रेघ काढा, आणि तो ऑफसेट म्हणजे कटलाइन. ऑफसेटमुळे अनुस्वाराचा सुटा ठिपका आणि चंद्रबिंदूही आत घेतले जातात. ऑफसेट १ मिमी ठेवला तर ठिपक्याभोवती वेगळं वर्तुळ पडतं आणि सोलताना अनुस्वार कागदावरच राहतो. शिरोरेषेचा फायदा असा, की शब्दाच्या आकाराचा स्टिकर वरून सरळ, खालून नागमोडी असा सुरेख कापला जातो आणि एकाच ओढीत निघतो.

कटलाइन वेगळ्या लेयरवर, ०.२५ पॉइंटच्या रेघेत, चित्रात कुठेही न वापरलेल्या रंगात द्या. रोल मशीनवर कापणाऱ्यांकडे देत असाल तर त्या स्पॉट रंगाचं (स्वतंत्र नाव दिलेल्या रंगाचं) नाव काय हवं ते विचारा. रोलँडच्या सॉफ्टवेअरला ‘कटकंटूर’ हे नाव रोमन अक्षरात, मधे जागा न सोडता लागतं. फाइल पीडीएफ, रंग सीएमवायके (निळा, मॅजेंटा, पिवळा, काळा या चार छपाई-रंगांत). फोटो किंवा जलरंगातलं चित्र असेल तर छापील मापावर ३०० डीपीआय, म्हणजे ५३ मिमीसाठी साधारण ६२६ पिक्सेल. त्यापेक्षा कमी असेल तर चित्र पुन्हा मोठ्या मापात काढा, ताणून मोठं करू नका.

रंगात भगवा आणि हिरवा सर्वांत जास्त फसवतात. पडद्यावरचा झळझळीत भगवा सीएमवायकेमध्ये विटकरी होतो. मॅजेंटा ६०, पिवळा १००, बाकी शून्य इथून सुरुवात करा आणि प्रूफ, म्हणजे आधी काढलेली नमुना शीट, बघून मॅजेंटा पाच-पाचने हलवा. त्यात निळा अजिबात मिसळू देऊ नका, लगेच मळतो. लहान अक्षरांचा काळा फक्त काळ्या शाईचा, म्हणजे के १०० ठेवा. चार रंगांचा काळा वापरला आणि एखादा रंग थोडा सरकला तर अक्षराभोवती लालसर कड दिसते.

मटेरियल निवडताना स्टिकर कुठे लागणार, एवढंच विचारा. वही, डबा, भेटवस्तूचं पाकीट: मिररकोट (चकचकीत थराच्या) कागदाचा स्टिकर, मॅट लॅमिनेशन. पाण्याची बाटली, लॅपटॉप, गाडी: पांढरं नॉन-टिअरेबल पीव्हीसी, तेही लॅमिनेशनसह. पीव्हीसी शीट टोनर मशीनसाठीचीच हवी. साधी घेतली तर फ्यूजरच्या (टोनर वितळवून चिकटवणाऱ्या भागाच्या) उष्णतेने ती वळते, आणि छापलीच तरी टोनर नखाने खरवडून निघतो. प्रूफ शीटवर नखाने घासा, मग साधी चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टीवर रंग आला तर ती शीट नाकारा. पारदर्शक शीट फार आकर्षक दिसते, पण बहुतेक टोनर मशीन पांढरा रंग छापत नाहीत. स्टीलच्या बाटलीवर तुमची पिवळी मंडई करडी दिसेल. फक्त काळं चित्र असेल तरच पारदर्शक घ्या. गाडीवर वर्ष-वर्ष ऊन-पाऊस झेलायचा असेल तर शीट सोडून फ्लेक्सवाल्यांकडच्या रोल मशीनवर इको-सॉल्व्हंट शाईत व्हिनाइल छापा, आणि लॅमिनेशन चोवीस तासांनी करायला सांगा. शाईतलं द्रावण उडून जाण्याआधी लॅमिनेशन केलं की कडा वळतात आणि गोंद सैल पडतो.

या छोट्या प्रेसची कमजोर बाजू कटिंगमध्ये आहे. छपाई एका मशीनवर, कापणं दुसऱ्यावर. मधे लॅमिनेशनची उष्णता. शीट किंचित ताणली जाते आणि अर्धा ते एक मिलिमीटर सरक येते. चांगला ऑपरेटर चारही कोपऱ्यांच्या खुणा वाचून ती बरीच भरून काढतो, पण शून्य होत नाही. म्हणून कडेला समांतर बारीक चौकट कधीही काढू नका. एका बाजूला १ मिमी आणि दुसऱ्या बाजूला २ मिमी अंतर पडलं की ते डोळ्याला लगेच टोचतं. एकतर २.५ मिमी पांढरी किनार ठेवा, किंवा रंग कटलाइनच्या बाहेर २ मिमी वाढवा. त्या दोन्हींत सरक लपते.

दुसरी अडचण पात्याच्या खोलीची. पातं जास्त उतरलं तर रिलीज पेपरही कापला जातो आणि पट्टी हाताळताना स्टिकर गळून पडतात. कमी उतरलं तर सोलताना कड फाटते, किंवा लॅमिनेशनचा पापुद्रा तेवढा हातात येतो. शीटच्या कोपऱ्यात एक सेंटिमीटरचा चौकोन आधी कापून घ्यायला सांगा. तो सहज सुटला पाहिजे आणि शीट उलटी केल्यावर मागे फक्त पुसटशी रेघ दिसली पाहिजे, भोक नाही. लॅमिनेशन केलेल्या जाड पीव्हीसीला ६० अंशाचं पातं लागतं. ४५ अंशाच्या पात्याने कापताना गोंद वर ओढला जातो आणि कडेला चिकट दोरे राहतात. बऱ्याच ठिकाणी पातं दिवसभर बदलत नाहीत. तुमचं काम सकाळी लावलं तर काप स्वच्छ येतो.

घरच्या कटरबद्दल थोडक्यात. सिल्हूट कॅमिओ ४ हे १२ इंच रुंदीचं यंत्र प्रिंट-अँड-कटसाठी, म्हणजे छापलेलं चित्र कडेने कापण्यासाठी, भरवशाचं आहे, पातं स्वतःची खोली स्वतः लावतं. पण त्याचं मोफत मिळणारं सॉफ्टवेअर, सिल्हूट स्टुडिओ, एसव्हीजी प्रकारची फाइल उघडत नाही, त्यासाठी डिझायनर आवृत्ती विकत घ्यावी लागते. तोपर्यंत डीएक्सएफ फाइलने काम चालवा. चकचकीत लॅमिनेशनवरून उजेड परावर्तित होतो आणि सेन्सरला खुणा सापडत नाहीत. खुणांवर मॅट चिकटपट्टीचा तुकडा लावला की सापडतात. घरच्या इंकटँक प्रिंटरची डाय शाई पाण्यात पसरते आणि उन्हात उडते, लॅमिनेशनशिवाय ती वापरू नये; छापल्यावर पूर्ण वाळू द्या, नाहीतर खाली बुडबुडे धरतात. दर आठवड्याला दहा-पंधरा नवी चित्रं करून बघणाऱ्याला हे यंत्र हवंच. वर्षातून दोन संच करणाऱ्याने घेऊ नये.

परवानगीचं सांगितलंच पाहिजे. इमारतीचं चित्र काढून छापायला भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे मोकळीक आहे. दुकानाचा लोगो किंवा खास पाटी मात्र मालकाला विचारून घ्या, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. आणि हे स्टिकर विजेच्या डब्यावर, वाड्याच्या दारावर, मेट्रोच्या खांबावर लावू नका. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा राज्याचा १९९५ चा कायदा आहे, आणि ज्या पेठेवर प्रेम म्हणून हे केलं तिचीच भिंत खराब होते. विकत किंवा भेट देताना सोबत दोन ओळी द्या: लावण्याआधी जागा पुसून कोरडी करा, लावल्यावर मधून कडेकडे दाबा, चोवीस तास पाणी लागू देऊ नका.

ऑर्डर देताना कागदावर एवढं लिहून द्या: शीटचं माप, मटेरियल, लॅमिनेशन मॅट की ग्लॉसी, हाफ कट, कटलाइनचा रंग, एक प्रूफ शीट, मग उरलेल्या शीटची संख्या, शेवटी एक आडवा आणि चार उभे गिलोटिन काप. प्रूफवर सही करून एक प्रत स्वतःकडे ठेवा, पुढच्या खेपेला रंग जुळवायला तीच लागते. ताबा घेताना गठ्ठ्यातली पहिली, मधली आणि शेवटची शीट काढून प्रत्येकीतला एक स्टिकर सोलून बघा; पातं झिजल्याचं शेवटच्या शीटवर कळतं. गणपतीआधीचे पंधरा-वीस दिवस मंडळांच्या पावत्यांचे आणि अहवालांचे असतात, तेव्हा प्रूफला कुणाला सवड नसते. गणपतीतच संच विकायचा असेल तर फाइल महिनाभर आधी द्या. पावसाळ्यात कागदी स्टिकरच्या शीट ओल धरून वळतात, त्या प्लॅस्टिकमध्ये बांधून, सपाट फळीवर, वर दोन जाड पुस्तकं ठेवून सांभाळा.